कोकणातल्या पावसात ऑइल सेपरेटर: तीन पावसाळे वापरल्यावर लिहितेय

आमचं ट्रक-टेम्पोचं वर्कशॉप आहे, चिपळूणच्या बाहेर मुंबई-गोवा हायवेला लागून. अठरा गुंठ्यांचं यार्ड, त्यातले चार गुंठे शेडखाली, मागे उतारावर एक पऱ्या, म्हणजे ओढा, आहे तो पुढे वाशिष्ठी नदीला जाऊन मिळतो. सासऱ्यांनी, अण्णांनी, सुरू केलेलं काम, आता हिशोब, माणसं, परवानग्या, पावसाळ्याची तयारी हे सगळं मी बघते. २०२२ च्या मे महिन्यात आम्ही यार्डाच्या पाण्यासाठी जमिनीखाली ऑइल सेपरेटर, म्हणजे पाण्यातलं ऑइल वेगळं करून अडवून ठेवणारी टाकी, बसवला. घेताना मला याबद्दल मराठीत काहीच वाचायला मिळालं नव्हतं, म्हणून जरा सविस्तरच लिहितेय. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कुठल्याही कंपनीकडून घ्या, विचारायचे प्रश्न हेच आहेत.

आधी आमच्याकडे काय होतं ते सांगते, कारण बहुतेक गॅरेजमध्ये तेच असतं. चिऱ्याची बांधलेली तीन खणांची टाकी, एका खणातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पाणी वरून सांडत जायचं. ऑइल पाण्यावर तरंगतं आणि पाणी वरूनच सांडतंय, म्हणजे पहिलं पुढे कोण जाणार तर ऑइलच. गवंड्याने मधे खाली तोंड केलेला पाइपचा एल्बो किंवा टी टाकला असता तर निदान पाणी खालून उचललं गेलं असतं आणि ऑइल वर अडकून राहिलं असतं, पण हे कुणी सांगितलंच नाही आणि आम्ही पंधरा वर्षं ती टाकी आहे या समाधानात होतो. उन्हाळ्यात बघितलं तर तिच्यात काळं जाड ऑइल साचलेलं दिसायचं, वाटायचं काम करतेय. मिरगाचा पहिला मोठा पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी टाकी एकदम स्वच्छ. ते ऑइल कुठे गेलं हा प्रश्न मला खूप उशिरा पडला.

ते पऱ्याला जात होतं. आणि नेमकं कधी, तर पहिल्या पावसात, जेव्हा चढणीचे मासे वर येतात तेव्हा. आठ महिने यार्डात सांडलेलं डिझेल, ग्रीस, गियर ऑइल, रेडिएटरचं पाणी, सगळं कोरड्या जमिनीवर बसलेलं असतं आणि पहिल्या दोन-तीन सरींत ते एकदम धुऊन निघतं, त्यानंतरचं पाणी त्यामानाने बरंच स्वच्छ असतं. खालच्या वाडीतले लोक त्याच दिवसांत पऱ्यात मासे धरायला उतरतात. एका वर्षी तिथल्या एक आजी घरी येऊन अण्णांना म्हणाल्या, पाण्याला रॉकेलचा वास मारतोय हो, पोरांच्या पायाला चिकट लागतंय. भांडायला नव्हत्या आल्या, नुसतं सांगून गेल्या. अण्णा दोन दिवस नीट जेवले नाहीत.

मग २०२१ चा जुलै. २२ तारखेच्या पुरात काय झालं ते चिपळूणकरांना सांगायला नको. आमच्या यार्डात माणूसभर पाणी होतं, जळक्या, म्हणजे वापरून झालेल्या, ऑइलचे बॅरल तरंगत शेजारच्या भिंतीला जाऊन लागले आणि पाणी ओसरल्यावर घराघराच्या भिंतींवर चिखलाच्या वर एक काळी तेलकट रेघ राहिली. त्या ऑइलमधलं किती आमचं होतं हे कुणालाच सांगता येणार नाही, पण थोडं तरी होतंच. सेपरेटर घ्यायचा हे त्यानंतर ठरलं.

आता निवडीबद्दल. मी पहिला फोन केला तेव्हा विचारलं होतं, किती लिटरची टाकी देता. चुकीचा प्रश्न. सेपरेटरचा नंबर टाकीच्या लिटरचा नसतो, सेकंदाला किती लिटर पाणी तो नीट साफ करू शकतो त्याचा असतो. दहा नंबर म्हणजे सेकंदाला दहा लिटर. त्यामुळे आधी आपल्या जमिनीवरून सेकंदाला किती पाणी येणार हे काढायला लागतं, आणि हे गणित कुणालाही येईल: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एक गुंठा साधारण १०१ चौरस मीटर. आमचं उघडं यार्ड १४ गुंठे, म्हणजे १४१६ चौरस मीटर, तासाला १०० मिमीची सर धरली तर सेकंदाला ३९ लिटर. एवढ्या मोठ्या युनिटचा भाव ऐकून आम्ही विषय तिथेच सोडणार होतो.

सेल्सवाल्या मुलाने मग बायपास टाइप सुचवला. हा नीट समजून घ्या कारण स्वस्त म्हणून सगळीकडे हाच सुचवतात. बायपास सेपरेटर फक्त हलक्या पावसाचं पाणी साफ करतो, पाऊस वाढला की जास्तीचं पाणी साफ न होता बाजूने थेट पुढे सोडतो. ही सगळी आकडेमोड युरोपातल्या ईएन ८५८ या स्टँडर्डवर आणि ब्रिटनच्या पीपीजी ३ नावाच्या मार्गदर्शिकेवर चालते. इंग्लंडमध्ये ती मार्गदर्शिका २०१५ साली मागे घेतली, पण कंपन्यांच्या माहितीपत्रकात अजून तिचेच आकडे असतात. तिच्यात बायपासला तासाला ६.५ मिमी पाऊस धरलाय आणि सगळंच्या सगळं पाणी साफ करणाऱ्या फुल रिटेन्शन टाइपला तासाला ६५ मिमी. ब्रिटनमध्ये पाऊस वर्षभर झिमझिम पडतो, तिथे ६.५ मध्ये बहुतेक पाऊस बसतो. आपल्याकडे ६.५ मिमी म्हणजे पाऊस थांबत आला असं म्हणतात! मुंबईत जुन्या नाल्यांचं डिझाइन तासाला २५ मिमीचं होतं, नंतर ते ५० करायला घेतलं, आणि सांताक्रूझला २६ जुलै २००५ ला एका दिवसात ९४४ मिमी पडला. सह्याद्रीच्या पायथ्याला तर बोलायलाच नको. ६.५ मिमीच्या हिशोबाने आम्हाला सेकंदाला तीन लिटरचा बायपास पुरेल असं त्या मुलाने लिहून दिलं होतं, आणि तो खोटं बोलत नव्हता, पत्रकात तसंच होतं. पण जून ते सप्टेंबर आमचं बहुतेक पाणी साफ न होता बाजूनेच गेलं असतं, आणि मिरगाची ती पहिली सरसुद्धा, जिच्यासाठी आपण हे सगळं करतोय. शिवाय ती मार्गदर्शिकाच सांगते की बायपास हा साध्या कार पार्किंगसारख्या कमी धोक्याच्या जागेसाठी, जिथे गाड्या दुरुस्त होतात किंवा इंधन भरतात तिथे फुल रिटेन्शनच पाहिजे. कोकणात गॅरेजला बायपास घेऊ नका, माझं स्पष्ट मत आहे.

मग ३९ लिटरचं काय केलं? तर सेपरेटर मोठा न करता पाणी कमी केलं. शेडचं पाणी पन्हाळी लावून आधीच वेगळं काढलेलं होतं. उघड्या १४ गुंठ्यांपैकी आठ गुंठ्यांत फक्त दुरुस्त झालेल्या गाड्या उभ्या असतात आणि ये-जा चालते, खरी सांडलवंड होते ती सहा गुंठ्यांत, जिथे गाड्या खोलतात आणि ऑइल बदलतात. त्या सहा गुंठ्यांभोवती चार इंच उंचीचा काँक्रीटचा उंबरा घातला, ट्रक सहज चढतो एवढा उताराचा, आत काँक्रीट केलं आणि फक्त तेवढंच पाणी सेपरेटरला जोडलं. बाहेरच्या आठ गुंठ्यांत गळकी गाडी उभी करायची नाही, करायचीच झाली तर खाली ट्रे, हा नियम. ६०७ चौरस मीटर, १०० मिमीच्या सरीने सेकंदाला १७ लिटर. २० नंबरचं फुल रिटेन्शन घेतलं. उंबरा आणि काँक्रीटचा खर्च धरूनही ४० नंबरच्या भावापेक्षा खूप कमी लागले. कुणी विचारलं तर मी पहिलं हेच सांगते, कोटेशन मागवायच्या आधी पावसात छत्री घेऊन यार्डात उभं राहा आणि पाणी कुठून कुठे जातंय ते चुन्याने आखून घ्या.

दुसरा प्रश्न क्लासचा, म्हणजे पाणी किती साफ होऊन बाहेर पडतं त्याचा. क्लास २ म्हणजे टेस्टमध्ये बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरला १०० मिलिग्रॅमपर्यंत ऑइल चालतं, क्लास १ म्हणजे ५ मिलिग्रॅम. आपल्याकडे नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याला ऑइल अँड ग्रीसची मर्यादा १० मिलिग्रॅम आहे, त्यामुळे पऱ्याला पाणी जात असेल तर क्लास १ शिवाय पर्याय नाही. क्लास १ मध्ये कोअलेसर असतो, स्पंजसारख्या किंवा जाळीसारख्या प्लास्टिकच्या साहित्याचा, त्यावर ऑइलचे बारीक थेंब चिकटतात, एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि मग वर येतात. थेंबाचा आकार अर्धा झाला की वर यायचा वेग चौपट कमी होतो, म्हणून बारीक थेंबांसाठी नुसती मोठी टाकी पुरत नाही.

यावरूनच पुढचा मुद्दा, आणि यात आमची स्वतःची मोठी चूक होती: वॉशिंग रॅम्प. पहिल्या महिन्यात रॅम्पचं पाणीही आम्ही यालाच जोडलं होतं. साबण, डिग्रीझर आणि प्रेशर पंप, तिन्ही मिळून ऑइलचं दुधासारखं पाणी करतात, ते थेंब इतके बारीक होतात की टाकीत कितीही थांबले तरी वर येत नाहीत, आणि आधी साचलेलं ऑइलसुद्धा ते साबण फोडून पुढे नेतं. आउटलेटला पांढरट फेस दिसला तेव्हा समजलं. कंपनीच्या इंजिनिअरने फोनवर एका मिनिटात सांगितलं की साबणाचं पाणी यात येताच कामा नये, पण हे त्यांनी विकताना सांगायला पाहिजे होतं. आता रॅम्पवर वेगळं छप्पर आहे, त्याचं पाणी वेगळ्या टाकीत घेऊन प्रक्रिया करून परत धुण्यालाच वापरतो.

गाळाचं पण असंच. पुढच्या गाळाच्या कप्प्यासाठी साधा हिशोब नंबर गुणिले १०० लिटर असा असतो, म्हणजे २० नंबरला २००० लिटर. आमच्या लाल मातीला हे पुरणार नाही असं आमच्या जुन्या मिस्त्रींनी नुसतं बघून सांगितलं, मी दुप्पट म्हणजे ४००० लिटर घेतलं, आणि ते योग्यच ठरलं, पहिल्याच सप्टेंबरला कप्पा अर्ध्याला आला होता. ऑइल साठवायची जागा नंबर गुणिले १०, म्हणजे २०० लिटर, बरोबर एक बॅरल. ज्यांच्याकडे टँकर येऊन डिझेल उतरवतो त्यांना हे अजिबात पुरणार नाही, ब्रिटनमध्ये पेट्रोल पंपाच्या सेपरेटरला टँकरचा एक कप्पा मावेल इतकी, ७६०० लिटरची जागा लागते, कारण पाइप सुटला तर एवढं एकदम येऊ शकतं.

बसवण्याची गोष्ट मनस्तापाची आहे. एफआरपीची (फायबरची) टाकी, साधारण नऊ हजार लिटरची, खड्ड्यात ठेवली, आणि कॉन्ट्रॅक्टरने तळाच्या काँक्रीटला पट्टे आवळायचं काम उद्यावर टाकून वरून माती लोटली. टाकीत पाणीही भरलं नव्हतं. त्या रात्री वळवाचा पाऊस आला आणि सकाळी टाकी एका बाजूने फूटभर वर आलेली. नऊ हजार लिटरची रिकामी टाकी पाण्यात बुडाली तर तिला वर ढकलणारा जोर नऊ टनांच्या जवळपास असतो, माती ती धरून ठेवू शकत नाही. परत खोदलं, इनलेटचा जॉइंट तडकला होता तो बदलला, पट्टे आवळले, वर काँक्रीट घातलं, दहा दिवस आणि पैसे वाया. आपल्याकडे जुलैत विहिरी काठोकाठ असतात, जमिनीतलं पाणी हातभर खोलीवर असतं, म्हणून पावसाळ्यात ही टाकी कधीही पूर्ण रिकामी करायची नाही. साफसफाई एप्रिल-मेमध्येच.

देखभाल. सांगायला सोपी आणि टाळायलाही सोपी आहे, म्हणून मी ती कुणावर सोडत नाही. महिन्यातून एकदा, पावसाळ्यात पंधरा दिवसांनी, झाकण उघडून मोजायचं. ऑइलचा थर किती आहे हे वरून बघून कळत नाही, केसाहून कितीतरी पातळ थर असला तरी इंद्रधनुष्याचे रंग दिसतात आणि पोरं घाबरून फोन करतात. आम्ही दोन पद्धती वापरतो. एक, पेट्रोल पंपावर टाकीत पाणी बघायला जी वॉटर पेस्ट वापरतात ती डिप रॉडला लावायची, पाणी लागेल तिथे रंग बदलतो, ऑइलमध्ये बदलत नाही, फरक पट्टीने मोजायचा. डिझेलचा थर असेल तर हे झकास चालतं. पण जाड इंजिन ऑइल असेल तर रॉड खाली जाताना पेस्टवर ऑइलच माखतं आणि आकडा चुकतो, त्याला दुसरी पद्धत, इंचभर जाडीची पारदर्शक नळी हळू उभी बुडवायची, वर अंगठा दाबायचा, बाहेर काढायची, थर डोळ्यांनी दिसतो. साठवणीच्या ८० टक्के ऑइल किंवा कप्प्याच्या निम्मा गाळ झाला की काढायचंच. आमच्या टाकीत ते ८० टक्के म्हणजे तीन बोटं.

ऑइल काढलं की परत पाणी भरायचं, हे लोक हमखास विसरतात. सेपरेटर पाण्याने भरलेला असेल तरच काम करतो. आउटलेटला एक फ्लोट असतो, तो पाण्यावर तरंगतो पण ऑइलमध्ये बुडतो अशा वजनाचा, ऑइल फार साचलं की तो खाली जाऊन तोंड बंद करतो. टाकी रिकामी केली की तो खाली बसतो, आणि भरताना साखळीने उचलून धरला नाही तर बंदच राहतो, मग पहिल्या पावसात पाणी तुंबून यार्डात. आमच्याकडे एकदा असं झालंय, २०२३ च्या जूनमध्ये, सगळ्यांना वाटलं पाइप चोक झाला.

कोअलेसर वर्षातून दोनदा काढून धुतो. धुवायचा तर टाकीच्या गाळाच्या कप्प्यावर धरून, साध्या पाण्याने, म्हणजे घाण परत आतच पडते. एका मुलाने तो नेऊन पऱ्याच्या कडेला धुतला होता, त्याला मी रागावले नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आता झाकणाच्या आतल्या बाजूला मराठीत रंगवून घेतलंय. आणखी एक रंगवून घेतलंय, आत कुणीही उतरायचं नाही. पेट्रोल-डिझेलची वाफ आणि सडलेला गाळ, दोन मिनिटांत माणूस बेशुद्ध होतो, आणि त्याला काढायला दुसरा उतरतो. काहीही पडलं तरी पडू दे, आकड्याने काढू. आणि झाकण उघडं असताना जवळपास बिडी-सिगारेट नाही, वेल्डिंग नाही.

काढलेलं ऑइल आणि गाळ हा वेगळाच विषय आहे. जळकं ऑइल न्यायला दारात माणसं येतात, कुणी शटरिंगला, कुणी वाशांना वाळवी लागू नये म्हणून, चांगले पैसेही देतात. आम्ही देत नाही. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणे ते मान्यताप्राप्त रिसायकलरलाच द्यायचं, मॅनिफेस्ट, म्हणजे माल कुणी कुणाला दिला त्याचा कागद, भरून, आणि ९० दिवसांपेक्षा जास्त साठवायचं नाही. तेलकट गाळ तळोज्याच्या घातक कचऱ्याच्या सामायिक सुविधेकडे जातो, तो साध्या मैल्याच्या टँकरवाल्याला देऊ नका, तो कुठल्या तरी नाल्यातच ओततो. खर्च येतो, पण वर्षाच्या सुरुवातीला आजूबाजूच्या दोन गॅरेजशी ठरवून एकच गाडी बोलावली की वाटून जातो.

पाणी खरंच साफ होतं का? आम्ही तिन्ही पावसाळ्यांत जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात आउटलेटचा नमुना घेऊन लॅबला दिला. नमुना काचेच्या रुंद तोंडाच्या बाटलीत घ्यायचा, प्लास्टिकला ऑइल चिकटून राहतं, आणि बाटली त्याच पाण्याने विसळायची नाही, बादलीत काढून ओतायचं तर अजिबात नाही. लॅबकडून आधीच ॲसिड घातलेली बाटली मागवा. जुन्या चिऱ्याच्या टाकीचा शेवटचा आकडा लिटरला ६८ मिलिग्रॅम होता. सेपरेटरचा पहिल्या वर्षी ९, तेव्हा रॅम्पचं पाणी यापासून वेगळं करून जेमतेम आठवडा झाला होता, नंतर ४ आणि तिसऱ्या वर्षी ५ पेक्षा कमी.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, पूर आला तर हे यंत्र काही करू शकत नाही. खालून नदीचं पाणी चढलं की ते आउटलेटमधून उलटं आत येतं आणि साचलेलं ऑइल झाकणातून वर निघतं. म्हणून आम्ही झाकणांचे गळे दोन फूट वर घेतले, रबर लावून बोल्ट केले, आउटलेटला उलटं पाणी अडवणारी झडप टाकली, आणि हवामान खात्याचा रेड अलर्ट आला की वरचं फक्त ऑइल पंपाने काढून बॅरल शेडच्या माळ्यावर चढवतो. पाणी नाही काढायचं, फक्त ऑइल. दोन तासांचं काम आहे. अण्णा ऐंशीच्या पुढचे आहेत, पण अलर्ट आला की काठी घेऊन येऊन बसतात आणि शेवटचा बॅरल वर गेल्याशिवाय घरी जात नाहीत.

मार्क द्यायचे तर युनिटला पाचपैकी चार. टाकी मजबूत आहे, तडा नाही. अलार्म चांगला आहे, ऑइल भरलं की ऑफिसात दिवा लागतो, पण त्याचा सेन्सर गाळाने माखतो म्हणून महिन्याला पुसायला लागतो, पुसला नाही तर खोटा वाजतो आणि मग माणसं बंदच करून ठेवतात. एक स्टार कापला तो सर्व्हिससाठी: विकताना साबणाचं सांगितलं नाही, मॅन्युअल फक्त इंग्रजीत, आणि कोअलेसरचा सुटा भाग मागवला तर दोन महिने लागतात. आमचा यंदा बदलायचाय, म्हणून फेब्रुवारीतच ऑर्डर देऊन ठेवलीये. कुणाला उंबऱ्याचं माप किंवा झाकणावर रंगवलेला मजकूर हवा असेल तर सांगा, फोटो काढून टाकते.